काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं आणि 'ड्रेन' नावाचा शब्द
(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

'सुपरकॉम्प्युटर' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातला सेट येतो. काचेची खोली, भिंतभर पडदे, लुकलुकणारे दिवे आणि मधोमध पांढरा कोट घातलेला शास्त्रज्ञ! प्रत्यक्षात अशी यंत्रणा जो सांभाळतो त्याच्यासमोर साधा लॅपटॉप असतो. त्यावर एक काळी खिडकी, तिच्यात पांढरी अक्षरं आणि उघडझाप करणारा कर्सर. बस्स! आयकॉन नाहीत, बटणं नाहीत, माउसला तर कामच नाही.

ही काळी खिडकी लिनक्सच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी पाहिली आहे, आणि जर्नलवर सही झाल्यावर बहुतेकांनी ती कायमची बंदही केली आहे. पण ज्यांना डेटा सायन्स, एआय किंवा हवामानशास्त्र यात पुढे काही करायचं आहे त्यांना ती परत उघडावी लागणार. म्हणून हा लेख. यात शेकडो कॉम्प्युटरचा समूह, म्हणजे क्लस्टर, कमांडने कसा चालवतात ते सांगायचा प्रयत्न केला आहे.

एक खुलासा आधीच करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे इंग्रजी शब्द बरेच येतील, सांभाळून घ्या. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या लहान इंग्रजी अक्षरांत करायच्या. 'एस-इन्फो' मधली रेघ फक्त वाचायच्या सोयीसाठी आहे, टाइप करायची नाही.

क्लस्टर म्हणजे काय?

क्लस्टर म्हणजे एकमेकांना वेगवान नेटवर्कने जोडलेले अनेक कॉम्प्युटर. त्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला 'नोड' म्हणतात. एक मोठं काम तुकडे करून सगळ्या नोड्सना वाटून द्यायचं, ही मूळ कल्पना.

ही कल्पना आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तसा सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एकच अवाढव्य प्रोसेसर बनवत बसण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर जोडून एकत्र कामाला लावायचे, हा त्यामागचा मार्ग होता. पुढे २००७ मध्ये टाटा समूहाच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेचा 'एका' हा सुपरकॉम्प्युटर जगातल्या पहिल्या ५०० च्या यादीत चक्क चौथा आला! २०२० मध्ये सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' याच यादीत ६३ वा होता. २६ सप्टेंबर २०२४ ला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या 'अर्क'चं उद्घाटन झालं. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी गणितं!

आता तुम्ही म्हणाल, पुण्यातल्या यंत्राशी वेळापूरच्या माणसाचा काय संबंध? संबंध आहे. मे २०२५ मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही हवामान अंदाजाची पद्धत 'अर्क'वर चालते. आधी देशाचा नकाशा १२ किलोमीटरच्या चौकोनांत विभागून गणित व्हायचं, या पद्धतीत ६ किलोमीटरच्या चौकोनांत होतं. म्हणजे जुन्या एका चौकोनाच्या जागी चार चौकोन आले, आणि गणित निदान चौपट झालं. माळशिरस तालुक्यात कुणाच्या डाळिंबावर कधी फवारणी करायची हे त्या चौकोनावर ठरू शकतं. तेव्हा क्लस्टर बिघडलं किंवा कुणी अडवून ठेवलं, तर त्याची झळ पार बांधापर्यंत येते.

दिंडी आणि नोड

क्लस्टर समजून घ्यायला वेळापूरकरांना लांब जायची गरज नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी माळशिरसहून निघते आणि आमच्या गावी मुक्कामाला येते. लाखो माणसं असतात, पण गोंधळ नसतो. कारण प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या दिंडीत असतो, प्रत्येक दिंडीला नंबर असतो, आणि ती रथाच्या पुढे चालणार की मागे हे ठरलेलं असतं. माणसं मोजायची नाहीत, दिंड्या सांभाळायच्या! क्लस्टरमध्येही हेच. हजारो प्रोसेसर नोड्समध्ये बांधलेले, नोड्सना नंबर, आणि नोड्सचे गट, ज्यांना 'पार्टिशन' म्हणतात. ग्राफिक्स कार्डवाले नोड एका पार्टिशनमध्ये, जास्त मेमरीवाले दुसऱ्या, असं.

आणखी एक गोष्ट. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड उंच करतात, आणि एवढा जनसमुदाय एकदम शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. मग चोपदार तिथे जाऊन तक्रार ऐकून घेतात. क्लस्टरमध्येही असा चोपदार असतो, पण तिथे नियम नेमका उलटा! प्रत्येक नोडने ठरावीक वेळाने 'मी ठीक आहे' असा आवाज द्यायचा असतो. जो गप्प झाला तो आजारी समजायचा.

हा चोपदार म्हणजे एक प्रोग्रॅम. परम मालिकेतल्या अलीकडच्या यंत्रांवर त्यासाठी 'स्लर्म' वापरतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २००० नंतरच्या काही वर्षांत तो सुरू झाला. तो मुक्त स्रोत आहे, म्हणजे फुकट मिळतो आणि त्याचा कोडही वाचता येतो.

आत शिरायचं कसं?

पहिली कमांड 'एसएसएच'. आपलं नाव आणि क्लस्टरचा पत्ता दिला की लांबचं यंत्र आपल्या काळ्या खिडकीत उघडतं. इथे काळ्या खिडकीचा पहिला मोठा फायदा कळतो. चित्रांचा पडदा नेटवरून ओढायला भरपूर वेग लागतो. अक्षरं मात्र मोजक्या बाइट्समध्ये येतात-जातात. गावाकडे मोबाइलला एक-दोन दांड्या रेंज असली तरी पुण्यातला क्लस्टर चालवता येतो! माझ्या मते आपल्यासारख्या लहान गावांतल्या मुलांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

मधेच लाइट गेली तर? त्यासाठी 'टी-मक्स'. आत शिरल्यावर टी-मक्स सुरू करून काम केलं, तर आपल्याकडचं कनेक्शन तुटलं तरी तिकडची खिडकी जिवंत राहते. लाइट आली की परत जोडून घ्यायचं, अर्धवट ओळसुद्धा तिथेच सापडते. आणि मोठी फाइल पाठवायची असेल तर 'एससीपी'पेक्षा 'आर-सिंक' बरा. पाठवणं मधे तुटलं तर झालेल्या फाइल्स तो परत पाठवत नाही, आणि योग्य पर्याय दिला तर अर्धवट फाइलही पुढे चालू करतो.

आत गेल्यावर आपण उभे असतो 'लॉगिन नोड'वर. ही देवडी आहे, गाभारा नाही. इथे फाइल्स बघाव्यात, प्रोग्रॅम लिहावा, काम पाठवावं. पण जड गणित इथेच सुरू केलं तर दारात वाट अडते आणि सगळ्यांची खिडकी रांगायला लागते.

रांगेचे पाच शब्द

स्लर्ममध्ये रोजच्या कामाला पाच कमांड पुरतात.

१) एस-इन्फो : कोणता नोड कोणत्या अवस्थेत आहे ते दाखवते. 'आयडल' म्हणजे रिकामा, 'अलॉक' म्हणजे पूर्ण भरलेला, 'मिक्स' म्हणजे थोडा भरलेला, 'डाउन' म्हणजे बंद पडलेला. अवस्थेपुढे फुली दिसली तर समजायचं की नोड उत्तर देत नाही.

२) एस-बॅच : आपलं काम रांगेत लावते. कामाच्या फाइलमध्ये वरती लिहायचं असतं की किती नोड हवेत, किती मेमरी, ग्राफिक्स कार्ड हवं का, आणि किती वेळ.

३) एस-क्यू : रांग दाखवते. आपल्या कामापुढे 'पीडी' असेल तर ते थांबलेलं आहे, 'आर' असेल तर चालू आहे. थांबलं असेल तर शेवटच्या रकान्यात कारणही असतं. 'रिसोर्सेस' म्हणजे जागा रिकामी व्हायची वाट आहे, 'प्रायॉरिटी' म्हणजे आपल्या आधी दुसऱ्यांचा नंबर आहे.

४) एस-कॅन्सल : कामाचा नंबर दिला की ते रद्द.

५) एस-ए-सी-सी-टी : संपलेल्या कामाचा हिशोब. किती वेळ लागला, किती मेमरी लागली, कसं संपलं.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे एस-बॅचमध्ये लिहायचा वेळ. अनेकांना वाटतं, जास्त वेळ मागून ठेवलेला बरा, उगाच रिस्क कशाला? पण स्लर्म रांगेतल्या फटी शोधत असतो. समजा मोठ्या कामासाठी दहा नोड रिकामे व्हायचे आहेत आणि शेवटचा नोड तीन तासांनी मोकळा होणार आहे. तोपर्यंत बाकीचे नऊ बसून राहतील. तेवढ्यात कुणाचं दोन तासांचं छोटं काम आलं तर स्लर्म ते मधल्या फटीत बसवून टाकतो. याला 'बॅकफिल' म्हणतात. आता दोन तासांच्या कामाला तुम्ही चोवीस तास मागितले असतील, तर तुम्ही त्या फटीत बसणारच नाही! उलट फार कमी वेळ लिहिला तर वेळ संपताच काम बंद केलं जातं. म्हणून आधी छोटं काम करून बघायचं, एस-ए-सी-सी-टी ने हिशोब घ्यायचा आणि त्यावर थोडी भर घालून खरा वेळ लिहायचा. इथे प्रामाणिकपणाचा फायदा आधी स्वतःला होतो. अशा जागा फार कमी असतात!

सांभाळणाऱ्याची बाजू

आतापर्यंत वापरणाऱ्याचं झालं. आता समजा, आपल्याकडे क्लस्टर सांभाळायची जबाबदारी आहे. एका नोडची मेमरी दगा देते आहे आणि ती बदलायची आहे. पण त्या नोडवर कुणाचं तरी काम तीन दिवसांपासून चालू आहे. काय करायचं? वायर काढली तर तीन दिवस पाण्यात. नाही काढली तर नवीन कामं त्याच आजारी नोडवर येत राहणार.

यावर स्लर्मचं उत्तर आहे 'ड्रेन'. 'एस-कंट्रोल अपडेट' या कमांडने त्या नोडचं नाव देऊन अवस्था 'ड्रेन' करायची. मग चालू असलेलं काम चालूच राहतं, ते संपेपर्यंत एस-इन्फोमध्ये नोड 'ड्रेनिंग' दिसतो. नवीन काम मात्र एकही येत नाही. काम संपलं की नोड मोकळा, मग खुशाल खोला. दुरुस्ती झाली की अवस्था 'रिझ्यूम' करायची.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. ड्रेन करताना स्लर्म कारण मागतो! नुसतं 'ड्रेन कर' म्हटलं तर ऐकत नाही. 'रीझन' लिहावंच लागतं. मग दुसऱ्या कुणी एस-इन्फोला विचारलं की त्याला कारण वाचता येतं. पाण्याच्या टाकीला नुसतं कुलूप लावून जायचं नाही, 'साफसफाई चालू आहे' अशी पाटी लावायची. आपल्याकडे ही सवय किती जणांना आहे?

डेटा सायन्सचा प्लॅटफॉर्म

आता दुसरं जग. अनेक कंपन्यांमध्ये डेटा सायन्सचं काम करणारा माणूस एस-बॅच लिहीत नाही. तो ब्राउझर उघडतो, लॉगिन करतो आणि 'ज्युपिटर नोटबुक'मध्ये पायथन लिहायला लागतो. त्याला वाटतं आपण एका वेबसाइटवर आहोत. पण पडद्यामागे त्याच्यासाठी क्लस्टरच्या कुठल्यातरी नोडवर एक छोटी बंदिस्त खोली तयार झालेली असते. तिला 'पॉड' म्हणतात. या खोल्या कुठे बांधायच्या, कधी मोडायच्या हे ठरवणारा चोपदार म्हणजे 'कुबरनेटीस'. हा शब्द ग्रीक आहे, अर्थ नावेचा सुकाणूधारी. गूगलने २०१४ मध्ये तो मुक्त केला.

त्याला हुकूम द्यायची कमांड म्हणजे 'क्यूब-कंट्रोल'. तिचा उच्चार नेमका काय यावर जगभर वाद आहेत, आपण त्यात पडायला नको. रोजच्या कामाला एवढं लक्षात ठेवा. 'गेट नोड्स' म्हणजे नोड्सची हजेरी. 'गेट पॉड्स' म्हणजे खोल्यांची यादी. 'डिस्क्राइब' म्हणजे एखाद्या पॉडची सगळी कुंडली, काय बिघडलं ते बहुतेक वेळा इथेच खालच्या ओळींत लिहिलेलं असतं. आणि 'लॉग्ज' म्हणजे आतला प्रोग्रॅम काय बडबडतो आहे ते. कुणी 'माझं नोटबुक उघडत नाही' म्हणून आलं की याच क्रमाने बघायचं: आधी नोड, मग पॉड, मग कुंडली, मग बडबड.

एक शब्द, दोन अर्थ

कुबरनेटीसमध्येही 'ड्रेन' नावाची कमांड आहे. आणि इथेच खरा धोका आहे, कारण तिचा अर्थ वेगळा आहे!

एसटीचं उदाहरण घेऊ. एक गाडी रस्त्यात कुरकुर करायला लागली. कंडक्टरने ठरवलं, आता नवीन प्रवासी घ्यायचे नाहीत, बसलेल्यांना त्यांच्या गावी उतरवायचं आणि गाडी डेपोत न्यायची. हा स्लर्मचा ड्रेन. दुसरा मार्ग म्हणजे गाडी इथेच थांबवायची, सगळ्यांना खाली उतरवायचं, 'मागच्या गाडीने या'. हा कुबरनेटीसचा ड्रेन!

कुबरनेटीसमध्ये फक्त नवीन प्रवासी बंद करायचे असतील तर शब्द वेगळा आहे: 'कॉर्डन'. कॉर्डन केलेल्या नोडवर नवीन पॉड येत नाहीत, असलेले चालू राहतात. दुरुस्तीनंतर 'अनकॉर्डन'. म्हणजे स्लर्ममधला ड्रेन तो इथला कॉर्डन, आणि इथला ड्रेन म्हणजे कॉर्डन अधिक सगळ्यांना बाहेर काढणं.

आता बाहेर काढलेल्यांचं काय होतं? वेबसाइट चालवणारे पॉड सहसा एखाद्या देखरेख करणाऱ्याच्या हाताखाली असतात. एक मोडला की तो दुसऱ्या नोडवर नवीन बांधतो. प्रवाशाला मागची गाडी मिळते. म्हणूनच कुबरनेटीसच्या जगात ड्रेन ही रोजची गोष्ट आहे. पण ज्युपिटरच्या नोटबुकचा पॉड सहसा एकटा असतो, त्याच्यामागे असा कुणी नसतो. त्याच्यासाठी मागची गाडी नाही. डिस्कवर सेव्ह केलेल्या फाइल्स राहतात, पण मेमरीत असलेलं सगळं, म्हणजे चार तास चालून निम्म्यावर आलेलं मॉडेल, गेलं!

गंमत म्हणजे कुबरनेटीसला हे कळतं. असा एकटा पॉड दिसला की ड्रेन कमांड नकार देते आणि सांगते, अमुक पॉडचा वाली कुणी नाही, तरीही काढायचा असेल तर 'फोर्स' लिहा. घाईत असलेला माणूस इंग्रजीतला तो लांबलचक संदेश पूर्ण वाचतच नाही. त्याला शेवटचा शब्द तेवढा दिसतो, तो 'फोर्स' टाइप करतो आणि एंटर मारतो. कमांड चालते. चुकीचं काहीच दिसत नाही. आणि कुठल्यातरी पोराचं प्रोजेक्ट सबमिशन बोंबलतं. इथे कॉन्व्हेंटचं इंग्रजी कामाला येत नाही बरं का! प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, फक्त थांबून वाचायची सवय नसते.

एंटर मारण्यापूर्वी

काळी खिडकी सहसा 'नक्की का?' असं विचारत नाही. एस-कॅन्सललाही आपण मुद्दाम सांगितलं नाही तर ती विचारत नाही, सरळ रद्द करते. साध्या माणसाला फक्त स्वतःचीच कामं रद्द करता येतात, पण सांभाळणाऱ्याला सगळ्यांची. म्हणून तो प्रश्न आपणच स्वतःला विचारायचा. मी स्वतःसाठी चार प्रश्न लिहून ठेवले आहेत:

१) मी कुठे आहे? चार खिडक्या उघड्या असतात. 'होस्टनेम' टाइप करून यंत्राचं नाव बघा. क्यूब-कंट्रोलला 'करंट-कॉन्टेक्स्ट' विचारा, म्हणजे हुकूम कोणत्या क्लस्टरला जातो आहे ते कळेल. सरावाचा आणि खरा क्लस्टर दिसायला अगदी सारखे असतात.

२) इथे कोण आहे? नोडला हात लावण्याआधी त्यावर कुणाची कामं चालू आहेत ते एस-क्यू किंवा गेट पॉड्सने बघा.

३) करून बघितल्यासारखं करता येईल का? क्यूब-कंट्रोलच्या ड्रेनला 'ड्राय-रन' सांगितलं तर काय होणार ते दाखवते, करत मात्र काही नाही.

४) सांगितलं का? ज्याचं काम आहे त्याला एक ओळ लिहा. पाच मिनिटं लागतात.

घरी सराव

यासाठी सुपरकॉम्प्युटर लागत नाही. 'मिनीक्यूब' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर एका नोडचं छोटं कुबरनेटीस उभं करतं. दोन कोअरचा प्रोसेसर, २ जीबी मोकळी मेमरी आणि २० जीबी डिस्क पुरते. त्यावर पॉड बनवा, कॉर्डन करा, ड्रेन करा, नकार कसा येतो ते शांतपणे वाचा. स्लर्मही एका लिनक्स मशिनवर बसवता येतो. विंडोजवाल्यांना 'डब्ल्यूएसएल' आहे.

पुढे कधी तुम्हाला खऱ्या क्लस्टरवर अकाउंट मिळेल, तेव्हा एस-क्यूची ती लांब यादी नीट बघा. ती नुसती नंबरांची यादी वाटते, पण प्रत्येक ओळीमागे कुणीतरी वाट बघत बसलेलं असतं. कुणाची पीएचडी, कुणाचं औषधाचं संशोधन, कुणाचा उद्याच्या पावसाचा अंदाज. कमांड पाठ होतात, त्यात विशेष काही नाही. यादीत आपल्याआधी कोण उभं आहे हे बघून एंटर मारणारा माणूस मात्र प्रत्येक क्लस्टरला हवा असतो.

या सुट्टीत मिनीक्यूब बसवून बघा. अडलं तर लॅबमध्ये भेटा, दोघं मिळून त्याचा एरर वाचू!